अरुंद पाण्यातले भोवरे आणि सरासरीचा फसवा आकडा

मित्रांनो, आपल्या केजपासून समुद्र लांब. मांजरेचं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं, पण तेही गोदावरीतून पार पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. मग समुद्रातल्या अरुंद वाटा आणि तिथले भोवरे यांच्याशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल.

संबंध आहे. सिव्हिलवाल्यांना उद्या पूल बांधायचे आहेत, मेकॅनिकलवाल्यांना पंप आणि टर्बाइन चालवायचे आहेत. आणि ब्रँच कुठलीही असो, कोकणची ट्रिप सगळ्यांनाच काढायची असते! अरुंद जागेतून जाणारं पाणी कसं वागतं, हे कळलं तर या तिन्ही ठिकाणी उपयोग होतो.

व्हायव्हाला विचारला जाणारा प्रश्न घेऊ. "या खाडीच्या तोंडाशी प्रवाहाचा वेग किती?" आपण लगेच सांगणार, डिस्चार्ज भागिले एरिया. पण खाडीच्या बाबतीत परीक्षकांनी उलट विचारायला पाहिजे, "कोणत्या तिथीचा? किती वाजताचा? आणि तोंडाच्या कोणत्या बाजूचा?" या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय वेगाचा आकडा अर्धवट राहतो. हा लेख त्याबद्दलच आहे.

तिथीची पाऊणपट

खाडी म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा हात. साधारण सहा तास पाणी आत येतं, ती भरती. पुढचे सहा तास बाहेर जातं, ती ओहोटी. चंद्राला कारण मानतो ते बरोबरच आहे, पण सूर्याचाही वाटा असतो. अमावास्या आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं एकमेकांच्या आड येतात आणि फरक कमी होतो. त्याला कोकणात भांगाची भरती म्हणतात.

भरतीची वेळ काढायला कोकणातल्या लोकांकडे एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ना कॅल्क्युलेटर, ना तक्ता! यामागचं गणितही पक्कं आहे. चंद्राला पुन्हा त्याच जागी यायला सुमारे २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज मागे सरकते. एका तिथीमागे हा फरक ४८ मिनिटांचा पडतो. लोकांनी हिशेबाच्या सोयीसाठी पाऊण तास धरला.

पाणी किती चढतं हे जागेवर अवलंबून आहे. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक जवळपास ५ मीटर होतो. गोव्याकडे तो साधारण निम्मा. आणि गुजरातेत खंबायतच्या आखातात, जे आत जाताना नरसाळ्यासारखं निमुळतं होतं, तिथे भावनगरच्या बाजूला फरक १० मीटरच्या घरात जातो. समुद्र तोच, चंद्रही तोच. फरक आहे तो किनाऱ्याच्या आकाराचा आणि उथळपणाचा.

गळा अरुंद झाला की

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका खाडीचा आतला पसारा २० चौरस किलोमीटर आहे आणि पाणी ४ मीटर चढतं. म्हणजे एका भरतीत ८ कोटी घनमीटर पाणी आत यायला पाहिजे, तेही सहा तासांत. खाडीचं तोंड १ किलोमीटर रुंद आणि १० मीटर खोल असेल, तर सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे ०.३७ मीटर. हे काहीच नाही, आपण यापेक्षा जोरात चालतो. पण तेच तोंड ५०० मीटरचं असेल तर वेग ०.७४ मीटर होतो.

इथे पहिली फसवणूक आहे. पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. खलाशी लोक बारा भागांचा नियम वापरतात. पहिल्या तासात एकूण चढावाच्या बारा भागांपैकी एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. त्यामुळे आपल्या उदाहरणातला ०.७४ हा आकडा ऐन मध्यावर १.१५ च्या वर जातो. साधा पोहणारा माणूस सेकंदाला १ मीटरसुद्धा सलग पोहू शकत नाही. आणि हेच पाणी तीन तासांपूर्वी अगदी संथ होतं!

दुसरी फसवणूक याहून मोठी आहे. भरतीचा वेग अधिक धरा, ओहोटीचा उणे धरा आणि दिवसभराची सरासरी काढा. उत्तर येईल जवळजवळ शून्य. मग खाडीत प्रवाह नाही म्हणायचं का?

इलेक्ट्रिकलच्या मित्रांना हे चटकन कळेल. आपल्या खोलीतल्या प्लगमधल्या एसी करंटची सरासरी शून्यच असते. तरी हात लावला की शॉक बसतो! म्हणून तिथे आपण आरएमएस व्हॅल्यू घेतो, म्हणजे आधी वर्ग करून मग सरासरी. पाण्याचंही तसंच आहे. खांबावर बसणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तळाची वाळू उचलण्याची ताकद तर त्याहूनही जोरात वाढते. त्यामुळे पाण्याच्या वाटेवर काही बांधायचं असेल तर सरासरी वेग विचारून भागत नाही. वेग किती बदलतो, हे विचारावं लागतं.

भोवरा जन्मतो कसा?

वेग वेळेप्रमाणे बदलतो हे झालं. तो जागेप्रमाणेही बदलतो, आणि तिथेच भोवरे येतात.

खाडीच्या गळ्यात मधलं पाणी वेगात असतं, काठाजवळचं हळू. खडकाला किंवा वळणाच्या टोकाला घासून आलेला पाण्याचा थर पुढे एकदम मोकळी जागा आली की काठ सोडतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण याला बाउंड्री लेयर सेपरेशन म्हणतो. आता एका बाजूला पळणारं पाणी आणि शेजारी जवळपास थांबलेलं पाणी. या दोघांच्या सीमेवर पाणी वळायला लागतं, जशी दोन तळहातांमध्ये वात वळतो तशी. ती वळी मोठी होत गेली की भोवरा.

पाणी इतकं अस्वस्थ का होतं, याचं उत्तर रेनॉल्ड्स नंबरमध्ये आहे. लॅबमधल्या पाइपात हा आकडा २००० च्या थोडा वर गेला की रंगाची सरळ रेघ विस्कटायला लागते, हे आपण प्रॅक्टिकलला बघतो. आता १० मीटर खोल पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जातंय असं धरा. रेनॉल्ड्स नंबर येतो १ कोटी! तिथे शांत, थराथरात वाहणाऱ्या पाण्याची अपेक्षाच करू नये.

आणखी एक गंमत आहे. मेणबत्ती फुंकून विझवता येते. पण तोंडाने हवा आत ओढून ती विझवून दाखवा बरं! जमत नाही. कारण फुंकर एका झोतात बाहेर जाते, पण श्वास ओढताना हवा चहूबाजूंनी येते. खाडीचं तोंड अगदी असंच वागतं. ओहोटीला पाणी झोतासारखं समुद्रात घुसतं आणि त्या झोताच्या दोन्ही अंगांना उलटसुलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. भरतीला मात्र पाणी सगळीकडून गोळा होऊन आत येतं. झोत जोरदार असेल तर ही भोवऱ्यांची जोडी दूर निघून जाते, पुढच्या भरतीत परत ओढली जात नाही. झोत कमजोर असेल तर तेच पाणी, त्यातल्या घाणीसकट, परत आत येतं. खाडीकाठच्या गावाचं सांडपाणी खरंच समुद्रात जातं की रोज घरी परततं, हे असं या दोन भोवऱ्यांवर ठरतं.

नारुतो : बर्नूली समुद्रात

भोवऱ्यांसाठी जगप्रसिद्ध असलेली एक जागा म्हणजे जपानमधली नारुतोची सामुद्रधुनी. शिकोकू आणि आवाजी या दोन बेटांमधली ही वाट सुमारे १.३ किलोमीटर रुंद आहे. एका बाजूला पॅसिफिककडून थेट येणारं पाणी, दुसऱ्या बाजूला जपानचा अंतर्गत समुद्र. भरतीची लाट एका तोंडाशी सरळ पोहोचते. दुसऱ्या तोंडाशी मात्र ती आवाजी बेटाला वळसा घालून काही तास उशिरा येते. त्यामुळे एकीकडे भरती असताना दुसरीकडे ओहोटी असते, आणि दोन्ही बाजूंच्या पातळीत दीड मीटरपर्यंत फरक पडतो.

आता आपला बर्नूली लावा. दोन गुणिले ९.८ गुणिले १.५, त्याचं वर्गमूळ. उत्तर ५.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण १९.५ किलोमीटर. आणि तिथे उधाणाचा वेग सांगतात तो ताशी २० किलोमीटरच्या आसपासचा! दुसऱ्या वर्षाला शिकलेल्या एका ओळीच्या सूत्राने अख्खी सामुद्रधुनी पकडता येते. त्या वेगात तयार होणारे भोवरे २० मीटर व्यासापर्यंतचे असतात.

पण भोवरा जहाज गिळतो, हे सिनेमातलं. मधला खळगा किती खोल असेल हेही काढता येतं. भोवऱ्यात फिरणाऱ्या पाण्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर खळगा साधारण ९० सेंटिमीटरचा होतो. मोठ्या जहाजाला त्याचं काही नाही. होडी आणि माणूस यांचं मात्र तसं नसतं, कारण चार हातांच्या अंतरात प्रवाहाची दिशा बदललेली असते. एका बाजूने ढकलणारं पाणी पुढच्या क्षणी उलट बाजूने ढकलतं, आणि पोहणारा दमतो.

एका जुन्या केबलची गोष्ट

इतक्या चंचल पाण्याचा खरा प्रवाह मोजायचा कसा? याचं सगळ्यात सुंदर उत्तर अमेरिकेत सापडलं.

फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या मधून एक प्रचंड प्रवाह उत्तरेला जातो. सेकंदाला सरासरी ३.२ कोटी घनमीटर पाणी! जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांचं पाणी याच्या वीस-पंचवीस भागांतला एखादा भाग होईल. हा प्रवाह एका जागी स्थिर नसतो. तो डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या काठाने भोवरे वाहत जातात. एखादा भोवरा जात असताना मोजलं तर आकडा वेगळा, दोन आठवड्यांनी मोजलं तर वेगळा. त्यामुळे जहाज नेऊन एकदा मोजून उपयोग नाही, रोज मोजायला पाहिजे.

तिथल्या शास्त्रज्ञांनी फॅरडेचा नियम वापरला. समुद्राचं पाणी खारट, म्हणजे वाहक. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून सरकलं की व्होल्टेज तयार होतं. फॅरडेने स्वतः १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत हा प्रयोग करून पाहिला होता, पण तेव्हाच्या साधनांनी त्याला ते मोजता आलं नाही. फ्लोरिडात १९८२ पासून समुद्रतळावरच्या टेलिफोनच्या केबलवर ते व्होल्टेज नियमित मोजायला सुरुवात झाली. जी तार बोलणं वाहून न्यायची, ती आता अख्ख्या सामुद्रधुनीतलं पाणी मोजायला लागली. काठावरच्या एखाद्या भोवऱ्याने ती फसत नाही, कारण ती या काठापासून त्या काठापर्यंतची बेरीज सांगते.

पुढचा भाग इंजिनिअरने लक्षात ठेवावा असा आहे. चाळीस वर्षांचे आकडे जमल्यावर २०२३ मध्ये एका अभ्यासाने निष्कर्ष काढला की हा प्रवाह सुमारे ४ टक्क्यांनी मंदावला आहे. हवामानबदलाच्या दृष्टीने ही मोठी बातमी होती. मग २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की या चाळीस वर्षांत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच थोडं बदललंय आणि केबलच्या आकड्यांत त्याची दुरुस्ती केलेली नव्हती. ती केल्यावर ही घट बरीच कमी झाली आणि प्रवाह जवळजवळ स्थिर असल्याचं दिसलं. म्हणजे पाणी बदलतंय असं वाटत होतं, आणि बदलत होती मोजपट्टी! लॅबमध्ये रीडिंग घेण्याआधी झिरो एरर बघा, असं सर का ओरडतात, हे यावरून कळावं.

खांबाभोवतीचा खड्डा

आता आपल्या भागाकडे येऊ. उन्हाळ्यात एखाद्या कोरड्या नदीच्या पात्रात उतरून पुलाच्या खांबाचा पाया बघा. बऱ्याच ठिकाणी खांबाभोवती, विशेषतः वरच्या अंगाला, वाळू खणून काढल्यासारखा खड्डा दिसतो. तो कुणी खणलेला नसतो. पुराचं पाणी खांबावर आदळून खाली वळतं, तळाशी गरगर फिरतं आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालाच्या आकारात मागे जातं. हा भोवरा वाळू उपसतो. पाण्याखाली चाललेलं हे काम वरून दिसत नाही, आणि पूर ओसरताना वाळू परत भरली तर नंतरही पत्ता लागत नाही.

खांबाच्या मागेही भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. कार्मानच्या नावाने ओळखली जाणारी ही रांग. २ मीटर व्यासाचा गोल खांब आणि सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी असेल, तर साधारण दर १० सेकंदांनी हे चक्र पूर्ण होतं आणि तेवढ्या वेळात खांबाला एकदा इकडे, एकदा तिकडे धक्का बसतो.

म्हणूनच आपल्या पुलांच्या नियमावलीत लेसीच्या सूत्राने सरासरी स्कॉर डेप्थ काढतात, पण खांबासाठी ती दुप्पट धरतात आणि काठाच्या अबटमेंटसाठी १.२७ पट. पाठ करताना हा नुसता गुणक वाटतो. खरं तर तो नियमावलीने दिलेला कबुलीजबाब आहे की सरासरीवर विसंबून पाया घालता येत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बस प्रवाशांसह पाण्यात गेल्या. ती अमावास्येची रात्र होती. सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते, म्हणजे वरून पूर आणि खालून उधाण. बसचे सांगाडे शोधायला नौदलाचे पाणबुडे लागले आणि कितीतरी दिवस गेले. ते सापडले पुलापासून फार लांब नाही. आणि काही मृतदेह मात्र हरिहरेश्वर, आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते. एकाच पाण्यात, एकाच रात्री पडलेल्या दोन गोष्टींच्या वाटा इतक्या वेगळ्या! नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. आपल्यातल्या ज्यांना पुलांच्या कामावर जायचंय, त्यांनी ही घटना अभ्यासक्रमाचा भाग समजून वाचावी.

खाडी आणि बंदरांचा अभ्यास आपल्याकडे कुठे होतो, हेही सांगतो. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे बंदरं, खाड्या आणि धरणांची प्रत्यक्ष पाण्याची मॉडेल करून बघतात. अशा मॉडेलमध्ये फ्राऊड नंबर जुळवतात, मग रेनॉल्ड्स नंबर जुळत नाही. दोन्ही एकदम का जुळत नाहीत, हा प्रश्न इंडस्ट्रियल व्हिजिटला जाण्याआधी सोडवून ठेवा.

ट्रिपला जाणाऱ्यांसाठी

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. वय आपल्याइतकंच. त्या दिवशी पंचांगात अष्टमीच्या आसपासची तिथी होती, म्हणजे मोठं उधाणही नव्हतं. पाऊणपटीच्या हिशेबाने दुपारी बाराला ओहोटी आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पाणी सगळ्यात वेगाने चढण्याची वेळ. भांगाची भरती आहे म्हणून समुद्र सुरक्षित, असं समजू नये.

म्हणून काही साध्या गोष्टी. जायच्या आधी तिथी बघा आणि भरती-ओहोटीची वेळ काढा. खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या टोकाशी, पुलाच्या खांबाजवळ पाण्यात उतरू नका, भोवरे तिथेच असतात. गावातला कोळी "इथे नको" म्हणाला तर वाद घालू नका. त्याचं रीडिंग पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. प्रवाहाने आत ओढलंच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. ओढ अरुंद पट्ट्यात असते, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या आणि मग वळा. दम लागला तर नुसतं तरंगा आणि हात वर करा. कुणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकण्याआधी दोरी, रिकामा कॅन, ट्यूब असं काहीतरी फेका.

आणि हे फक्त समुद्राला लागू नाही. पावसाळ्यात धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडले की मांजरेचं पात्र बघायला आपली गर्दी होते. काल गुडघाभर असलेलं पाणी आज किती आहे, हे काठावरून कळत नाही. कालचं रीडिंग आजच्या पाण्याला लागू पडत नाही. बघायचं असेल तर पुलावरून बघा, आणि खांबाच्या मागे एका मिनिटात किती भोवरे सुटतात ते मोजा. आकडा आला की वेग काढता येईल. घड्याळ तेवढं बरोबर न्या.